‘मले येते ना गाडी!’

मित्रांनो, हातात पेन्सिल घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर एक आकडा लिहा. प्रश्न असा : तुम्ही सायकल किती चांगली चालवता? तुमच्याच वयाच्या शंभर मुलामुलींची एक रांग लावली आहे असं समजा. सगळ्यात छान चालवणारा पहिल्या नंबरावर, सगळ्यात कच्चा शंभराव्या नंबरावर. या रांगेत तुमचा नंबर कितवा? लिहिलात? आता खोडायचं नाही हं. आणि शेजारच्याला दाखवायचंही नाही.

मी तुमचा आकडा न बघता सांगू? तो बहुतेक पन्नासच्या आत आहे. तुमच्या मित्राचाही पन्नासच्या आत असणार, त्याच्या बहिणीचाही. आता यातली गंमत बघा. शंभरांच्या रांगेत पहिल्या पन्नासांत फक्त पन्नासच जण मावतात. ऐंशी-नव्वद जण म्हणू लागले की ‘आम्ही पुढच्या निम्म्यात’, तर मागे उभं कोण राहणार? मागची जागा रिकामी आणि पुढे नुसती चेंगराचेंगरी!

हसू आलं ना? पण ही चूक मोठी, शिकलेली माणसंही करतात. तीही सायकलवर नाही, मोटारीचं चाक हातात धरून.

शंभरातले त्र्याण्णव!

ओला स्वेन्सन हे स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी हाच रांगेचा प्रश्न विचारला. दोन्ही देशांचे मिळून १६१ विद्यार्थी होते. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. गाडी चालवण्याच्या कौशल्यात आपण पुढच्या निम्म्या भागात आहोत, असं म्हणणारे अमेरिकेत शंभरातले ९३ निघाले आणि स्वीडनमध्ये ६९. ‘तुम्ही किती जपून चालवता?’ या प्रश्नालाही तीच तऱ्हा. अमेरिकेत ८८ आणि स्वीडनमध्ये ७७ जण स्वतःला पुढच्या निम्म्यात धरत होते.

तुम्ही म्हणाल, ‘यांना कधी अपघात झाला नसेल, म्हणून असं वाटत असेल.’ शंका चांगली आहे. तिचं उत्तर त्याआधीच, १९६५ साली, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातून आलं होतं. प्रेस्टन आणि हॅरिस या दोन अभ्यासकांनी अपघातात जखमी होऊन दवाखान्यात पडलेल्या पन्नास चालकांना विचारलं, ‘तुम्ही गाडी कशी चालवता?’ मग कधीही अपघात न झालेल्या पन्नास चालकांना तेच विचारलं. दोन्ही गटांची उत्तरं जवळजवळ सारखीच होती! हातापायाला पट्ट्या बांधलेला माणूसही म्हणत होता, ‘मी चांगलीच चालवतो.’ आणि पोलिसांच्या नोंदी पाहिल्या, तर त्या पन्नासांपैकी ३४ जणांच्या अपघाताला ते स्वतःच जबाबदार होते.

आपल्याकडे म्हण आहेच, ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’ रस्त्यावर ही म्हण रोज खरी होते. दुसरा जोरात गेला की तो ‘अंगात आल्यासारखा चालवतो’. आपण जोरात गेलो की ‘घाई होती’.

उत्तराची गोष्ट

महाभारतातला राजपुत्र उत्तर आठवतो का? विराट राजाचा हा मुलगा. कौरवांनी गायी पळवल्या तेव्हा हा अंतःपुरात बसून म्हणाला, ‘काय करू, मला चांगला सारथी नाही! नाहीतर एकट्याने कौरवांना हरवून आलो असतो.’ मग सारथी म्हणून मिळाली बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन. रथ रणांगणाजवळ पोचला. समोर भीष्म, द्रोण, कर्ण आणि समुद्रासारखी सेना. ती पाहताच राजपुत्राच्या अंगावर काटा आला. रथातून उडी टाकून तो चक्क पळत सुटला.

उत्तर खोटं बोलत होता का? मला नाही तसं वाटत. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण शूर आहोत. त्याची परीक्षा झालेली नव्हती, एवढंच. गोष्टीतला पुढचा भाग मात्र आपण विसरतो. अर्जुनाने त्याला पकडून परत आणलं आणि घोड्यांचे लगाम त्याच्या हाती दिले. ‘मला लढता येत नाही’ हे कळल्यावर तोच उत्तर अर्जुनाचा सारथी झाला, आणि त्याने रथ नीट हाकला. आपल्याला काय येत नाही हे समजलं, आणि मगच शिकण्याला सुरुवात झाली.

असं का होतं?

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिठदमध्ये किंवा तुमच्या गावात एखाद्या दहावीतल्या मुलाला विचारा, ‘गाडी येते का रे?’ तो लगेच म्हणेल, ‘मले येते ना गाडी! सातवीपासून चालवतो.’ त्याला असं का वाटतं, याची कारणं शोधू या.

पहिलं कारण : रस्ता पेपर तपासून देत नाही. शाळेत गणित चुकलं की बाई लाल शाई करतात. रस्त्यावर तुम्ही वळणावर कट मारला आणि समोरून कोणी आलंच नाही, तर चूक झाली हे कळतच नाही. उलट वाटतं, ‘बघा, कसं जमलं!’ शंभर वेळा चुकूनही काही होत नाही, आणि तेच शंभर वेळा आपल्याला शाबासकी दिल्यासारखं होतं. एकशे एकाव्या वेळी मात्र पांदणीतून बैलगाडी बाहेर येते.

दुसरं कारण : ‘चांगलं चालवणं’ म्हणजे काय, ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. जो बुंगाट पळवतो त्याच्या लेखी वेग म्हणजे कौशल्य. हात सोडून चालवणाऱ्याच्या लेखी तोल म्हणजे कौशल्य. हळू चालवणारा म्हणतो, जपून चालवणं हेच खरं. प्रत्येक जण स्वतःच पेपर काढतो, स्वतःच सोडवतो आणि स्वतःलाच मार्क देतो. मग नापास होणार कोण?

तिसरं कारण जरा गमतीचं आहे. आपलं कुठे चुकतं हे ओळखायलाही ती गोष्ट यावी लागते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्रुगर आणि डनिंग यांनी विद्यार्थ्यांना तर्क आणि व्याकरणाच्या चाचण्या दिल्या आणि ‘तुमचा नंबर कितवा येईल?’ असंही विचारलं. हा अभ्यास १९९९ साली छापून आला. जे सगळ्यात कच्चे होते, ते शंभरांच्या रांगेत शेवटून साधारण बाराव्या जागी होते. त्यांना मात्र वाटत होतं, आपण शेवटून बासष्टाव्या जागी आहोत, म्हणजे निम्म्यांच्या पुढेच. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्याला आपलं शुद्धलेखन चुकलंय हे तरी कसं कळणार? गाडीचंही तसंच.

हात लवकर शिकतात, डोळे उशिरा

क्लच, गिअर, ब्रेक आणि तोल ही हातापायांची कामं आहेत. ती पंधरा दिवसांत जमतात. म्हणून मुलाला वाटतं, ‘आली गाडी.’ पण गाडी खरी चालते ती डोळ्यांनी.

१९७२ साली मौरंट आणि रॉकवेल या अमेरिकेतल्या संशोधकांनी चालकांची नजर कुठे कुठे फिरते ते उपकरणाने टिपलं. मुरलेला चालक लांबवर पाहत होता. त्याची नजर दोन्ही बाजूंना आणि आरशातही फिरत होती. नवखा मात्र गाडीच्या अगदी पुढचा तुकडा आणि रस्त्याची कड एवढंच धरून बसला होता. म्हणजे दोघेही रस्ता पाहत होते, पण एकाला येणारं संकट दिसत होतं आणि दुसऱ्याला फक्त डांबर.

आता आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनचा हंगाम आहे. पुढे भरलेली ट्रॉली, तिला मागे लाल दिवा नाही. रस्त्याच्या एका अंगाला धान्य वाळत घातलंय. पावसाने शेतातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर आलाय. थांब्यावर एस.टी. उभी आहे. नवखा म्हणेल, ‘एस.टी. उभी आहे, चला पुढे काढू.’ मुरलेला म्हणेल, ‘एस.टी. उभी आहे, म्हणजे तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार.’ दोघांना एस.टी. दिसली. तिच्या आडचा माणूस मात्र एकालाच ‘दिसला’.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००२पासून परवान्याच्या परीक्षेत यासाठी वेगळा भाग आहे. उमेदवाराला रस्त्याची चित्रफीत दाखवतात. धोका तयार होतोय असं वाटलं की बटण दाबायचं. जितकं लवकर ओळखाल तितके गुण जास्त.

जास्त शिकवलं तर?

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांना भरपूर शिकवलं की झालं. पण शिकवायचं काय, हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये ग्रेगरसन यांनी नव्या चालकांचे दोन गट केले. हा अभ्यास १९९६ सालचा. एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं कसब शिकवलं. दुसऱ्या गटाला तोच रस्ता दाखवून एवढंच जाणवून दिलं, की ‘बघा, इथे तुमचं कसब पुरं पडत नाही.’ पुढे दोन्ही गटांची परीक्षा घेतली. कामगिरीत फारसा फरक नव्हता! फरक होता तो मनात. कसब शिकलेल्या गटाला आपण खूप चांगले झालो आहोत असं वाटू लागलं होतं. म्हणजे हात तेवढेच राहिले आणि छाती मात्र फुगली.

मागे मित्र बसला की...

एकटा मुलगा आणि मागे दोन मित्र घेतलेला तोच मुलगा, हे दोन वेगळे चालक असतात. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडीचा खेळ खेळायला लावला. सिग्नल पिवळा झाला की लवकरच मध्ये भिंत उभी राहणार. गाडी कधी थांबवायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी खेळली तेव्हा मोठ्या माणसांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. पण मित्र बघत उभे राहिले, तेव्हा त्यांनी जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्या माणसांवर मात्र मित्रांच्या असण्याचा फरक पडला नाही.

तेव्हा मित्रांनो, ‘ट्रिपल शीट’ म्हणजे गाडीवर फक्त तिसऱ्याचं वजन वाढतं असं समजू नका. ‘ओढ ना बे, काई होत नाई!’ हे शब्दही गाडीवर बसतात, आणि तेच सगळ्यात जड असतात. कायद्याने तर दुचाकीवर चालकाच्या मागे एकालाच बसता येतं.

गणित फुशारकी मारत नाही

आपण स्वतःबद्दल काहीही समजलो, तरी ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरावर थांबणार ते गणित ठरवतं. डोळ्यांना धोका दिसला की मेंदूला कळून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असं धरू. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले आहेत असंही धरू.

ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर त्या एका सेकंदात गाडी ८ मीटर जाते. पुढे ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी ७ मीटर. एकूण १५ मीटर.

ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर पहिल्या सेकंदात १७ मीटर आणि ब्रेक लागल्यावर २८ मीटर. एकूण ४५ मीटर.

वेग दुप्पट झाला, पण अंतर तिप्पट झालं. त्यातही ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळजवळ चौपट. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटर असते. म्हणजे ताशी ६०च्या वेगाला थांबायला दोन खेळपट्ट्यांहून जास्त जागा लागते.

आता ३० मीटरवर अचानक एक शेळी आडवी आली असं समजा. ताशी ३०ने जाणारा तिच्या १५ मीटर अलीकडे थांबेल आणि शेळीला ‘हाड हाड’ करील. ताशी ६०ने जाणारा ब्रेक दाबूनही थांबणार नाही. शेळीपाशी पोचेल तेव्हाही त्याच्या गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरहून जास्त असेल. शेळीच्या जागी एखादं लहान मूल असेल तर? म्हणूनच ‘मला कंट्रोल करता येते’ या वाक्याला अर्थ नाही. त्या ३० मीटरांत हुशार आणि ढ दोघांनाही सारखंच गणित लागू होतं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. महाराष्ट्रातली त्यांत पंधरा हजारांहून जास्त. देशाचा हिशेब करून बघा : दर तासाला १९ माणसं! त्यांतली सर्वांत जास्त दुचाकीवरची होती. आणि दर दहा मृत्यूंपैकी सातांच्या मागे अतिवेग होता.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवता येत नाही. सोळा वर्षांनंतर ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. पण घरोघरी असलेल्या मोटारसायकली त्याहून कितीतरी मोठ्या असतात. २०१९ साली कायद्यात नवं कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या दोघांच्या आईवडिलांनी काय गमावलं, ते दंडाच्या आकड्यात मोजता येत नाही.

परवान्याबद्दलही एक सांगायला हवं. मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढला की परीक्षा संपते. पण त्या मैदानात शेळी नसते, चिखल नसतो, मागे ओरडणारा मित्र नसतो. परवाना म्हणजे पहिलीतला प्रवेश आहे, दहावीचं प्रमाणपत्र नाही.

पालकांशी दोन शब्द

वाचणाऱ्या आईबाबांनाही थोडं सांगते. शेतात डबा पोचवायचा असतो, डेअरीला दूध घालायचं असतो, गिरणीतून दळण आणायचं असतं. पोरगा चावी मागतो आणि आपण देतो. वर पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ‘आमच्या पोराले लहानपणापासून गाडी येते.’ अडचण खरी असते, मी नाही म्हणत नाही. पण आपण कौतुक करतो ते त्याच्या हातांचं. त्याची नजर तयार झाली आहे का, हे आपण कधी पाहिलं?

विराट राजाची गोष्ट इथेही उपयोगी पडते. उत्तर जिंकून आला असं कळताच राजा आनंदाने मुलाचे गोडवे गाऊ लागला. शेजारी कंक, म्हणजे वेष पालटलेला युधिष्ठिर, म्हणाला, ‘बृहन्नडा सारथी असल्यावर जय होणारच.’ मुलाचं श्रेय दुसऱ्याला गेलेलं राजाला सहन झालं नाही. त्याने हातातले फासे कंकाच्या तोंडावर फेकले आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. आपल्या मुलाबद्दल कोणी खरं सांगितलं की आपल्यालाही असंच लागतं. ‘तुमचा मुलगा फार जोरात चालवतो हो,’ असं शेजारी सांगायला आला, तर फासे फेकू नका. त्याला चहा द्या.

आणि एक. मूल गाडी शिकतं ते अठराव्या वर्षी नव्हे. तुमच्या पुढे टाकीवर बसल्यापासूनच ते शिकत असतं. तुम्ही फोन खांद्याला लावून चालवलीत, हेल्मेट हँडलला अडकवलंत, तर तेच त्याच्या मनात ‘चांगलं चालवणं’ म्हणून पक्कं बसतं.

करून पाहा

१. अंदाज आणि खरं : मित्राला वीस अवघड शब्दांचं शुद्धलेखन घालायला सांगा. लिहून झालं की तपासण्याआधी वर लिहा, ‘माझे इतके बरोबर येतील.’ मग तपासा. दोन आकड्यांतला फरक वहीत नोंदवा. दर शनिवारी करा. तुमचे मार्क वाढले नाहीत तरी चालेल, फरक कमी होतोय का ते पाहा. स्वतःला नीट ओळखणं हीदेखील सरावाने येणारी गोष्ट आहे.

२. पट्टी पकडा : मित्राने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची. तुमची दोन बोटं शून्याच्या खुणेजवळ, पट्टीला न लागता. त्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागला. पण इथे पट्टी पडणार हे तुम्हाला माहीत होतं! रस्त्यावर काय पडणार हे माहीत नसतं, म्हणून तिथे कितीतरी जास्त वेळ लागतो. आता हाच खेळ सतराचा पाढा म्हणत खेळा आणि फरक पाहा.

३. बोलता रस्ता : एस.टी.त खिडकीशी किंवा बाबांच्या मागे बसलात की मनातल्या मनात बोलत राहा. ‘पुढे ट्रॅक्टर. डावीकडे शेळ्या. वळणापलीकडचं दिसत नाही.’ उतरल्यावर बाबांना विचारा, त्यांनी आणखी काय पाहिलं होतं. तुम्हाला न दिसलेल्या गोष्टींची यादी करा. अठरा वर्षांचे होईपर्यंत तुमचे डोळे तयार होतील, आणि त्यासाठी चावीची गरजही नाही.

आता वहीच्या मागच्या पानावरचा आकडा पुन्हा पाहा. तो खोडायचा की ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मात्र पुढच्या वेळी कोणी ‘येते का रे गाडी?’ असं विचारलं, तर छातीवर हात मारायच्या आधी एक सेकंद थांबा. त्या एका सेकंदात ताशी ६०ची गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, हे आता तुम्हाला माहीत आहे.